चौदावा दिवस विसरा: अंडं कधी फुटतं ते वहीत कसं पकडायचं

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही आता मूल हवं असं ठरवलं, तेव्हा या विषयातलं माझं ज्ञान एका वाक्याचं होतं: पाळीच्या चौदाव्या दिवशी अंडं फुटतं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडतं. शाळेच्या पुस्तकात तशी आकृती होती, मैत्रिणी तेच सांगायच्या, मोबाइलमधलं ॲपही त्याच दिवशी फूल उमलवून दाखवायचं. सहा महिने आम्ही तेरावा-चौदावा दिवस धरून बसलो. माझी पाळी मात्र अठ्ठावीस दिवसांनी कधीच येत नव्हती. ती यायची बहुधा एकतीस, तेहेतीस, कधी चौतीस दिवसांनी. म्हणजे बऱ्याचदा अंडं फुटायच्या तीन ते सहा दिवस आधीच आमचा उत्साह संपलेला असायचा.

मग मी एक वही घातली. पुढे जे लिहिलंय ते त्या वहीतून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं त्यातून आलंय.

गणित मागून मोजायचं

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. त्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात अंडाशयात अंडं वाढतं. हा भाग लहान-मोठा होतो: ताप आला, वजन झपाट्याने बदललं, परीक्षा, प्रवास, घरातलं दुखणं, काहीही कारण पुरतं. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा भाग मात्र बराच ठरलेला असतो. बहुतेक बायकांमध्ये बारा ते चौदा दिवस, आणि एकाच बाईत तो महिन्यागणिक फारसा हलत नाही.

म्हणून अंडं फुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून नाही, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा. जपानमधल्या निइगाता शहरातले डॉक्टर क्युसाकु ओगिनो यांनी १९२४ मध्ये हेच मांडलं होतं: पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी अंडं बाहेर पडतं. चक्र २८ दिवसांचं असेल तर साधारण चौदावा दिवस येतो, ३१ चं असेल तर सतरावा, ३५ चं असेल तर एकविसावा. अडचण एवढीच की पुढची पाळी कधी येणार हे आज कुणालाच माहीत नसतं. ॲपलाही नसतं, ते मागच्या महिन्यांची सरासरी काढून अंदाज बांधतं आणि तो इतक्या ठामपणे दाखवतं की आपण विश्वास ठेवतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाहेर पडलेलं अंडं जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. शुक्रजंतू मात्र, आत पोषक स्राव असेल तर, पाच दिवसांपर्यंत तग धरतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासून १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गर्भ राहिला तो अंडं फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहाच दिवसांतल्या संबंधांतून. दुसऱ्या दिवसापासून दार बंद.

म्हणजे ‘अंडं फुटलं’ हे पक्कं कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हे डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं होतं. शरीराच्या काही खुणा आधी सांगतात आणि काही नंतर शिक्का मारतात. अंगावरून जाणारा स्राव आणि लघवी तपासायच्या किटची पट्टी आधी सांगतात. तापमान आणि प्रोजेस्टेरॉनची (अंडं फुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची) रक्ततपासणी नंतर. आधीच्या खुणांवर चालायचं आणि नंतरच्या खुणांवरून आपलं वाचन बरोबर होतं का ते ताडून बघायचं. मी पहिले दोन महिने नेमकं उलटं करत होते.

वही

भिंतीवरच्या कालनिर्णयवर टिंब करायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि टिंब इतकं बारीक की सासऱ्यांच्या लक्षात येऊ नये. ते टिंब चालेल, पण त्या तारखा एका जागी उतरवा. पहिला दिवस म्हणजे नीट लाल रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशी दिसलेला तपकिरी डाग मोजायचा नाही. हा एक दिवसाचा गोंधळ पुढे सगळं सरकवतो.

मागच्या सहा चक्रांची लांबी काढा. माझी होती २९, ३३, ३१, ३०, ३४, ३१. सगळ्यांत लहान चक्रातून १८ वजा केले की लक्ष द्यायला सुरुवात करायचा दिवस मिळतो, सगळ्यांत मोठ्यातून ११ वजा केले की शेवटचा. माझ्या बाबतीत अकरावा ते तेविसावा. तेरा दिवसांची ही पट्टी फार रुंद आहे, मान्य. पण ती फक्त कुंपण आहे. आतली नेमकी जागा खुणा दाखवतात.

इथे एक खास आपल्याकडची गोष्ट. गणपतीत, मंगळागौरीला, घरातल्या लग्नात पाळी नको म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर तो महिना हिशोबात धरू नका. त्या गोळ्या दुसरा भाग कृत्रिमपणे लांबवतात, आणि फार लवकर सुरू केल्या तर अंडं फुटण्यातच ढवळाढवळ होऊ शकते. मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असताना तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत, कारण दिवस राहिलेले असले तरी त्या वेळी ते कळलेलं नसतं. मी एका श्रावणात घेतल्या आणि पुढची दोन चक्रं काय चाललंय ते मलाच कळेना.

पांढरं पाणी: फुकटची आणि सगळ्यांत शहाणी खूण

अंगावरून पांढरं जातं म्हणजे काहीतरी दुखणं, अशी आपली समजूत. त्यामुळे या खुणेकडे बघायला मन धजत नाही. खरं तर गर्भपिशवीच्या तोंडाशी तयार होणारा हा स्राव महिनाभर रूप बदलत असतो, आणि अंडं फुटायच्या आधी तो शुक्रजंतूंसाठी अक्षरशः वाट तयार करतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि इव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने १९५० च्या दशकापासून याच्यावर आख्खी पद्धत उभी केली.

बघायचं असं. लघवीला गेल्यावर, धुवायच्या आधी, टिश्यूने किंवा स्वच्छ बोटाने बाहेरूनच पुसून घ्या. आत बोट घालायची गरज नाही. दोन बोटांमध्ये धरून बोटं हळूच लांब करा. पाळी संपल्यावर काही दिवस बहुधा कोरडं असतं. मग चिकट, तुटक, डिंकासारखं काहीतरी येतं. त्यानंतर पातळ केलेल्या दुधावरच्या सायीसारखं. आणि मग एक दिवस ते पारदर्शक, गुळगुळीत, ताणलं तर न तुटणारं होतं. पुस्तकं याला कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागाची उपमा देतात. ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांनी कोवळी भेंडी चिरताना सुरीला सुटणारी तार आठवावी, फक्त ही जास्त पाणीदार असते. दोन-तीन सेंटिमीटर ताणली जाणारी तार दिसली, किंवा चालताना ओलसर, निसरडं वाटलं, की तुमचे दिवस सुरू झाले. त्या दिवशी आणि पुढे तार दिसतेय तोवर संधी आहे. तार दिसण्याचा शेवटचा दिवस हा सगळ्यांत मोलाचा. अंडं बहुधा त्याच दिवशी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत फुटतं. तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशी स्राव परत घट्ट झाल्यावर कळतं, म्हणून वाट बघत बसायचं नाही.

संबंधानंतरचा वीर्याचा अंश तारेसारखा दिसतो आणि फसवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळचं निरीक्षण सोडून संध्याकाळी बघा. सर्दीच्या काही गोळ्यांनी स्राव सुकतो. आणि खाज, जळजळ, माशासारखा वास, दह्यासारख्या गुठळ्या, हिरवट रंग यांपैकी काही असेल तर ती खूण नाही, जंतुसंसर्ग आहे. वही बंद करून दवाखाना.

पहिल्या महिन्यात मला काहीच कळलं नाही. दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात स्पष्ट. तेवढा वेळ द्या.

किटची पट्टी

औषधाच्या दुकानात नुसतं ‘किट द्या’ म्हटलं की प्रेग्नन्सीचं किट हातात पडतं. ओव्ह्युलेशन (म्हणजे अंडं फुटणं) किट असं स्पष्ट मागा. ही पट्टी लघवीतलं एलएच हे संप्रेरक मोजते. ते एकाएकी उसळतं, आणि उसळी सुरू झाल्यापासून साधारण चोवीस ते छत्तीस तासांत अंडं बाहेर पडतं. म्हणजे पट्टी एक-दीड दिवस आधी निरोप देते.

सुरुवात कधी? तुमच्या सगळ्यांत लहान चक्रातून १७ वजा करा. माझं २९, म्हणजे बारावा दिवस. पहाटेची पहिली लघवी इथे बहुतेक पट्ट्यांना चालत नाही. उसळी अनेकदा सकाळी सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. दुपारी ते संध्याकाळ ही वेळ बरी, रोज तीच. आधी दोन तास लघवी धरा आणि त्या दोन तासांत तांब्याभर पाणी पिऊ नका, नाहीतर सगळं पातळ होतं. तुमच्या पाकिटातल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तो कागद ऐका.

वाचताना सगळ्यांची चूक एकच होते. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर दुसरी रेघ कितीही पुसट असली तरी अर्थ असतो. इथे तसं नाही. एलएच थोडंफार नेहमीच असतं, त्यामुळे पुसट रेघ जवळपास रोज दिसेल. एलएच दाखवणारी रेघ शेजारच्या नियंत्रण रेघेइतकी (पट्टी नीट चालली हे सांगणारी ती रेघ) किंवा तिच्याहून गडद झाली तरच होकार. कागदावर दिलेल्या मिनिटांतच वाचा. अर्ध्या तासाने कचऱ्यातून उचलून बघितलेली पट्टी खोटं बोलते. (बघितलीय मी. सगळ्याच बघतात.) रेघ गडद होत चालली असेल तर दिवसातून दोनदा तपासा, कारण काहींची उसळी दहा-बारा तासांतच ओसरते. होकार आला की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध, आणि पट्ट्या थांबवा.

पीसीओएस (संप्रेरकांच्या गडबडीने अंडं वेळेवर न फुटण्याचा विकार) असेल तर पट्टी वैताग आणते. एलएच मुळातच वर असतं, होकार आठवडाभर दिसत राहतो आणि अंडं फुटतच नाही. अशा बाईने पट्ट्यांवर पैसे घालवण्याआधी सोनोग्राफीचा विचार करावा. अंडं वाढायच्या गोळ्या चालू असतील तर शेवटच्या गोळीनंतर किती दिवसांनी तपासायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्यांमुळे लगेच खोटा होकार येतो. अंडं फुटण्याचं इंजेक्शन घेतल्यावर तर ओव्ह्युलेशन आणि प्रेग्नन्सी दोन्ही पट्ट्या काही दिवस बिनभरवशाच्या.

तापमान

अंडं फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि झोपेतून उठतानाचं तापमान थोडं चढतं, साधारण ०.४ ते १ अंश फॅरनहाइट, आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. जाग आली की उठायच्या आधी, बोलायच्या आधी, चहाच्या तर फारच आधी, जिभेखाली थर्मामीटर. त्याआधी सलग तीन-चार तास झोप हवी. जुना पाऱ्याचा थर्मामीटर ०.२ अंशांच्या खुणांचा असतो, तो इथे कामाचा नाही; ०.१ अंश फॅरनहाइट दाखवणारा डिजिटल चालतो, दोन दशांश दाखवणारा मिळाला तर उत्तम.

नियम असा: सलग तीन दिवसांची आकडेवारी आधीच्या सहाही दिवसांच्या वर, आणि तिसरा आकडा त्या सहांतल्या सर्वांत मोठ्यापेक्षा निदान ०.४ ने जास्त. मग अंडं फुटून गेलं. चढलेलं तापमान अठरा दिवस उतरलं नाही तर प्रेग्नन्सीची पट्टी आणा.

ताप, रात्रपाळी, जागरण, दारू, बाळासाठी रात्री तीनदा उठणं, सगळ्याने आकडे बिघडतात. अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्या मुलींनी तर हे मनावर घेऊच नये. माझं मत विचाराल तर दोन-तीन महिने तापमान मोजा, स्रावाशी जुळतं का बघा, आणि सोडून द्या. रोज सकाळी डोळे उघडताच नापास झाल्याची भावना नको.

एक महिना, वहीतला

३ जूनला पाळी आली. अकराव्या-बाराव्या दिवशी चिकट. तेराव्याला सायीसारखं. चौदाव्याला पाणीदार, पंधरावा ते सतरावा तार. पट्टी बाराव्यापासून: पुसट, पुसट, पुसट, पंधराव्याला जराशी गडद, सोळाव्याला संध्याकाळी नियंत्रण रेघेइतकी. बाराव्या ते सतराव्या दिवसाचं तापमान ९७.३, ९७.१, ९७.४, ९७.२, ९७.३, ९७.२. अठराव्याला ९७.७, मग ९७.९, मग ९७.८. पुढची पाळी ४ जुलैला.

आता उलटं वाचा. अंडं बहुधा सतराव्या दिवशी, १९ जूनला फुटलं. कामाचे दिवस बारावा ते सतरावा, त्यातले सर्वांत चांगले पंधरावा आणि सोळावा. चौदाव्याच्या पाणीदार स्रावाने हे तीन दिवस आधी सांगितलं, पट्टीने एक दिवस आधी, तापमानाने घटना घडून गेल्यावर. जुन्या हिशोबाने मी चौदाव्यानंतर हात झटकून मोकळी झाले असते.

फॉलिक्युलर स्टडी

घरच्या खुणा जुळत नसतील तर डॉक्टर फॉलिक्युलर स्टडी सांगतात. दहाव्या-अकराव्या दिवसापासून एकाआड एक दिवस योनीमार्गे सोनोग्राफी, लघवी करून मोकळं होऊन. फॉलिकल म्हणजे अंड्याची पिशवी रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढते आणि १८ ते २४ च्या आसपास फुटते. कागदावर ‘उजवीकडे १८ बाय १७, ईटी ८.५’ असं लिहिलेलं असतं. ईटी म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी. पुढच्या वेळी पिशवी आक्रसलेली आणि मागे थोडं पाणी दिसलं की ‘फुटलं’ म्हणतात. दर महिन्याला हे करत राहायचं कारण नाही. एक-दोन चक्रं कळली की पुरे.

रक्तात प्रोजेस्टेरॉन ‘एकविसाव्या दिवशी’ तपासा असं सर्रास लिहून मिळतं. तो दिवस २८ च्या चक्राचा आहे. तुमचं चक्र ३४ चं असेल तर अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे सत्ताविसाव्याच्या सुमारास करा, नाहीतर अंडं फुटत असूनही ‘फुटत नाही’ असा रिपोर्ट हातात येईल.

आणि घरात?

खुणा शिकल्यावर मी नवऱ्याला ऑफिसात मेसेज करायचे, ‘आज.’ तिसऱ्या महिन्यात तो आजारी पडल्यासारखा घरी येऊ लागला. आजच जमलंच पाहिजे म्हटलं की पुरुषाचंही शरीर संप पुकारतं, आणि दोन खोल्यांत सासू-सासरे पलीकडे असतील तर विचारूच नका. मग मी तारीख सांगणं सोडलं. पाळी संपल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि स्राव ओला दिसू लागला की एक दिवसाआड किंवा जमेल तर रोज. रोजच्या संबंधाने वीर्य ‘संपतं’ ही भीती निराधार. दहा-बारा दिवस साठवून ठेवल्याने मात्र फायदा होत नाही.

नंतर भिंतीला पाय लावून झोपायची गरज नाही. उठल्यावर बाहेर येतं तेही नेहमीचंच. खोबरेल तेल, लाळ, दुकानातली साधी जेल शुक्रजंतूंना मारक ठरू शकतात, टाळा.

कुणीतरी सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी असं सांगेलच. काही तथ्य नाही. गर्भधारणेआधी किंवा नंतर लिंग निवडायला मदत करणं हा देशभर गुन्हा आहे, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला होता.

प्रयत्न सुरू करतानाच फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात सहज मिळते ती गोळी बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारापटीहून जास्त. ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

डॉक्टरांकडे कधी

वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिने, चाळिशीनंतर लगेच. चाळिशीच्या आतल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात, म्हणून तिसऱ्या महिन्यात रडू नका. पण पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांहून उशिरा येत असेल, महिनोन्महिने येतच नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झालेला असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर वर्षभर थांबू नका. जननमार्गाचा टीबी आपल्याकडे अंडं गर्भपिशवीकडे नेणाऱ्या नळ्या बंद होण्याचं मोठं कारण आहे आणि तो गुपचूप असतो. वही फक्त अंड्याबद्दल बोलते. नळ्या उघड्या आहेत का, शुक्रजंतू कसे आहेत, थायरॉइडचं काय, हे तिला माहीत नाही.

वही सोबत न्या. दोन-तीन चक्रांच्या नोंदी बघून डॉक्टरांचे निम्मे प्रश्न सुटतात. आणि बाईच्या पाच तपासण्या झाल्यावर शेवटी नवऱ्याची, असा जो क्रम घरोघरी लागतो तो उलटा करा. वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी आहे, सुई नाही, सोनोग्राफी नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना घरी घेतला तर लॅबमध्ये तासाभराच्या आत पोचवा, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून, फ्रिजमध्ये अजिबात नाही.